एकाच साच्यातल्या रील्स

प्रश्न : माझी भाकरी थापण्याची रील कोणीतरी नाव कापून स्वतःच्या खात्यावर टाकली. एकाच गाण्यावर तेच हातवारे करणारेही असंख्य दिसतात. असे का होते? – एक वाचक, सांगली

उत्तर : रीलखालच्या गाण्याच्या नावावर बोट ठेवले की तोच ध्वनी वापरता येतो आणि चलतीतल्या ध्वनीमुळे प्रेक्षक वाढतील या आशेने जो तो तेच करतो, आळसापेक्षा या सोयीचाच दोष आम्हाला अधिक वाटतो. इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये मूळ निर्मितीला प्राधान्य देण्याचे जाहीर केले खरे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कल्पनेला नव्हे, तर तिच्या प्रत्यक्ष मांडणीला संरक्षण मिळते. त्यामुळे भाकरी कोणीही थापावी, परंतु तुमचे चित्रीकरणच उचलले गेले असल्याने मूळ फाइल जपून ठेवा आणि ॲपमध्येच कॉपीराइटची तक्रार नोंदवा.