वाचलेले दहा रुपये कोणाचे?

पत्र: मी नाशिकला मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबांचं अंबड एमआयडीसीत जॉबवर्कचं, म्हणजे कंपन्यांना सुटे भाग करून देण्याचं, वर्कशॉप आहे. कर्ज काढून त्यांनी दोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीन, घेतल्या, त्यांच्या कामाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअरही बसवलं. काम वाढलं, पण भाव अजून कंपनीच ठरवते. बाबा म्हणतात, यात राम नाही, तू डेटा सायन्स कर. काय करू?

उत्तर: तुझ्या बाबांचा वैताग खरा आहे. अंबड-सातपूरच्या लहान कारखानदारांकडून मी हे सतत ऐकते. तरी तू मेकॅनिकल सोडू नयेस असं मला मनापासून वाटतं.

एक हिशेब मांड. मशीनचा दर तासाला ६०० रुपये धर. एका बुशला, म्हणजे नळीसारख्या सुट्या भागाला, आधी चार मिनिटं लागायची, म्हणजे नगाला ४० रुपये. आता तीन मिनिटं, म्हणजे ३०. हे वाचलेले दहा रुपये कोणाचे? तुमचा सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, कंपनीच्या पर्चेसवाल्यांना माहीत असेल आणि तोच बुश आणखी पाच जण करून देत असतील, तर पुढच्या बैठकीत ते दहा रुपये कापले जाणार. खर्चापेक्षा चढा भाव टिकवून धरण्याची ताकद, तिलाच अर्थशास्त्रात बाजारशक्ती म्हणतात. नुसत्या मशीनने ती येत नाही. तसंच मशीन उद्या शेजारच्या गाळ्यातही येतं.

ही ताकद येते नोंदींतून. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं बदलता येणारं पातं, कितव्या नगाला झिजतो, कोणत्या लॉटच्या मटेरियलला रिजेक्शन जास्त, हे तुमच्याकडे लिहिलेलं असलं की २० मायक्रॉन टॉलरन्सचा, म्हणजे मापात तेवढाच फरक चालणारा, अवघड जॉब तुम्ही छातीठोकपणे घेता. मग तुम्हाला सोडणं कंपनीलाच महागात पडतं. मोठ्यांना हे सोपं जातं, कारण सॉफ्टवेअरचा खर्च लाखो नगांवर वाटला जातो. लहान वर्कशॉपला त्यासाठी घरचंच माणूस लागतं, ज्याला मशीनही कळतं आणि आकडेही.

म्हणून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला प्रवेश घे, मेकॅनिकल किंवा मेकॅट्रॉनिक्स. जोडीला एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या नोंदींतून हवी ती माहिती काढायची भाषा, शीक आणि कॉस्टिंग, म्हणजे नगामागच्या खर्चाचा हिशेब, तर शीकच. आपली मुलं नेमकं तेच टाळतात.

त्याआधी या सुट्टीत महिनाभर एका मशीनपाशी वही घेऊन बस. सेटिंगला किती वेळ गेला, मशीन कशामुळे थांबलं, किती नग स्क्रॅप झाले, सगळं लिही आणि सॉफ्टवेअरच्या आकड्यांशी ताडून बघ. कोणत्या जॉबवर पैसे सुटतात आणि कोणत्यावर अंगावर येतात, ते बाबांना कागदावर दाखव. डेटा सायन्सचं काय ते मग दोघं मिळून ठरवा.