ट्रंकेतली काडतुसे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मामा सैन्यातून निवृत्त झाले होते. ते गेल्यावर कोथरूडच्या घरातली त्यांची ट्रंक आवरताना पितळी डब्यात अकरा काडतुसे सापडली. बुडाशी ‘के’, ‘एफ’, 42 आणि रोमन सात असे ठसे आहेत. पितळेवर हिरवट थर चढला आहे. ही कसली? घासून शोकेसमध्ये ठेवता येतील का?

उत्तर : ‘के एफ’ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपल्या खडकीचा 1869 साली सुरू झालेला दारूगोळा कारखाना. म्हणजे कोथरूडपासून फार लांबचा माल नाही हा. 42 हे 1942 साल आणि रोमन सात म्हणजे मार्क 7, काडतुसाची सातवी आवृत्ती. ही .303 रायफलची काडतुसे असणार. खात्री करायची तर काडतूस न उचलता शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. .303 ची एकूण लांबी सुमारे 78 मिमी आणि नुसत्या पुंगळीची (दारू असलेला मागचा पितळी भाग) 56 मिमी असते. बुडाची कड पुंगळीबाहेर आलेली दिसते. पुढच्या काळातल्या 7.62 मिमीच्या रायफल-काडतुसात ती कड बाहेर येत नाही आणि लांबी 71 मिमीच्या आसपास असते.

मग बुडाच्या मधोमध असलेली टोपी पाहा (चाप ओढला की हिच्यावर घाव बसून दारू पेटते). तिच्याभोवतीच्या लाखेचा रंग जांभळा असेल तर साधी गोळी, लाल असेल तर ट्रेसर (जाताना उजेडाची रेघ सोडणारी), हिरवा असेल तर चिलखतभेदी, निळा असेल तर आग लावणारी. टोपीवर खळगा आहे पण गोळी जागेवरच आहे, असे काडतूस वापरलेले समजू नका. चाप ओढूनही ते उडालेले नाही, इतकाच त्याचा अर्थ. ते जिवंत आहे आणि बाकीच्यांपेक्षा जास्त बेभरवशाचे आहे.

घासायचे तर अजिबात नाही. चिंच-मीठ लावले की आधी लाखेचा रंग जातो, मग ठसे पुसट होतात, म्हणजे ओळखीची खूणच हरवते. अमोनिया असलेले पितळ पॉलिश त्याहून वाईट. ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनियाने तडे जातात. ब्रिटिश काळात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेली काडतुसे अशीच तडकत, म्हणून या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडले. गोळी उपटून दारू काढणे, पुंगळी तापवणे किंवा पकडीत धरणे, यातले काहीही करू नका.

शोकेसचा विचारही सोडा. .303 हे लष्करी बोअर (नळीचे माप), नागरी परवान्यावर ते मिळत नाही (नागरिकांसाठी .315 ची रायफल काढली गेली ती त्यामुळेच). शस्त्र अधिनियम, 1959 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बाळगणे गुन्हा आहे आणि बाळगण्याचा हक्क संपलेला दारूगोळा विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करावा लागतो. डबा स्कूटरच्या डिकीत घालून ठाण्यात जाऊ नका. आधी फोन करा, त्यांना घरी येऊ द्या, पंचनामा झाल्यावर पोच मागून घ्या. मामांचे सेवापुस्तक किंवा एखादा जुना परवाना हाताशी ठेवला तर ‘कुठून आली’ या प्रश्नाचे उत्तर सोपे जाते. तोवर डबा आहे तिथेच, मुलांच्या हाताबाहेर आणि गॅसपासून दूर. ट्रंकेत हातबाँब किंवा टोकाला फ्यूज असलेला गोळा दिसला तर मात्र सगळ्यांना घराबाहेर काढा आणि 112 लावा.

प्रश्न : बंदुकीचा परवाना माझ्या नावावर आहे. वडिलांच्या वेळची 12 बोअरची कागदी काडतुसे वापरू का?

उत्तर : नको. दमटपणाने कागद फुगतो आणि काडतूस चेंबरमध्ये अडकते. त्याहून वाईट म्हणजे आत ओलावा गेलेली दारू अर्धवट पेटते आणि बूच (दारू आणि छर्रे यांच्यामधली गादी) नळीतच राहते. आवाज ‘फुस्स’ आला म्हणून लगेच दुसरे झाडले की नळी फाटते. परवान्यावरच्या साठ्याच्या नोंदी पाहा आणि ही काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे जमा करा.