१९३८चा 'ब्रह्मचारी' आज बघण्यासारखा आहे का, की नुसता त्या गाण्यासाठीच प्रसिद्ध आहे?

बघाच. गाणं तर आहेच, मीनाक्षी शिरोडकरांनी १९३८ साली स्विमिंग कॉस्च्यूम घालून 'यमुना जळी खेळू खेळ कन्हैया' म्हटलं म्हणजे केवढं धाडस, पण लोक तो एक फोटो बघून तिथंच थांबतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण सिनेमा खरा उचललाय तो मास्टर विनायकांनी.

दिग्दर्शन त्यांचंच आणि हिरोही तेच (अभिनेत्री नंदाचे वडील हे). औदुंबर नावाचा साधा तरुण ब्रह्मचर्यावरचं भाषण ऐकून असा काही पेटतो की जमवलेले नट्यांचे फोटो फेकून देतो आणि आचार्य चंडीरामांच्या संस्थेत जाऊन दाखल होतो, मग किशोरी भेटते आणि व्रताचे बारा वाजायला लागतात. पुढं काय होणार हे पहिल्या दहा मिनिटांत कळतंच, तरी हसू येतं, कारण तोंडाने ब्रह्मचर्य चालू असतं आणि सगळं अंग दुसरंच काहीतरी सांगत असतं. ते गाणं परत बघाल तेव्हा एकदा फक्त विनायकांकडे बघा.

लेखन आचार्य अत्र्यांचं, गाणीसुद्धा त्यांचीच, संगीत दादा चांदेकरांचं. एखादं खूळ डोक्यात शिरलेला माणूस हा अत्र्यांचा हातखंडा विषय, १९३३च्या 'साष्टांग नमस्कार' नाटकात सूर्यनमस्काराचं वेड होतं, इथं ब्रह्मचर्याचं. आणि हे कधी, तर मराठी बोलपट सुरू होऊन जेमतेम सहा वर्षं झालेली, १९३२ला 'अयोध्येचा राजा' आला होता, संतपट-पौराणिकपट जोरात चाललेले, अशा वेळी कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने लोकांच्या आदर्शांचीच अशी टिंगल करायची म्हणजे छातीच पाहिजे! मला ते स्विमिंग कॉस्च्यूमपेक्षा जास्त धीट वाटतं.

आता, संथ वाटेल हे आधीच सांगतो. बोलणं नाटकी आहे, कॅमेरा बराच वेळ एका जागी उभा असतो, तेव्हा हेडफोन लावून निवांत बघा, संवाद निसटले तर अर्धी गंमत गेली.

आवडला तर विनायक-अत्रे याच जोडीचा १९३९चा 'ब्रँडीची बाटली' लगेच बघून टाका. ब्रँडी म्हणजे काय हेच माहीत नसलेला म्युनिसिपालिटीतला कारकून ती शोधत गावभर फिरतो, आणि तो कारकून आहे दामुअण्णा मालवणकर. नुसत्या धावपळीची, पडापडीची कॉमेडी हवी असेल तर मी म्हणेन हाच आधी बघा.