चित्रकाराच्या कादंबरीत खरं किती?

चित्रकारांवरच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी चार या अंकात घेतले आहेत.

ट्रेसी शेव्हलिअर यांची ‘गर्ल विथ अ पर्ल इअरिंग’ वाचली. डच चित्रकार व्हर्मीरच्या घरातली मोलकरीण ग्रीट आणि त्याच्या त्याच नावाच्या चित्रातली मुलगी एकच, हे खरं आहे का? – वाचक, सांगली

नाही. ग्रीट लेखिकेची. चित्र साधारण १६६५ चं आहे आणि त्यातली मुलगी कोण, हे सांगणारा एकही कागद नाही. मुळात ते कुणाचं व्यक्तिचित्र नसावंच. त्या काळचे डच चित्रकार ‘ट्रोनी’ नावाचा प्रकार काढत: एखादा वेगळा पोशाख, फेटा किंवा भाव दाखवण्यासाठी काढलेला चेहरा. इतकी मोठी मोकळी जागा कादंबरीकाराला क्वचित मिळते. शेव्हलिअर यांनी ती १९९९ साली बरोबर हेरली.

भोवतीचा तपशील मात्र बराचसा कागदोपत्री आहे. पत्नी कॅथरिना, सासू मारिया थिन्स आणि तानेके नावाची मोलकरीण या तिघींचे उल्लेख सापडतात. व्हर्मीर डिसेंबर १६७५ मध्ये वारला आणि फेब्रुवारी १६७६ मध्ये घरातल्या सामानाची यादी झाली. तीत दोन ईझल आहेत, तीन पॅलेट आहेत, पांढऱ्या फरची किनार असलेलं पिवळं सॅटिनचं जाकीट आहे आणि माळ्यावर रंग वाटायचं दगडी टेबल वरवंट्यासकट आहे. कादंबरीत रंग माळ्यावर वाटले जातात, ते उगाच नव्हे. पावाच्या उधारीचे ६१७ गिल्डर थकले होते आणि त्यापोटी बेकरीवाल्याकडे दोन चित्रं गेली, हेही नोंदलेलं आहे.

लेखिकेनं वाकवलं ते दोन ठिकाणी. कादंबरीतला फान राउवेन हा आश्रयदाता लंपट आहे. कागदांत तसं काही नाही. उलट फान राउवेन पती-पत्नीच्या १६६५ च्या मृत्युपत्रात व्हर्मीरला ५०० गिल्डर ठेवलेले दिसतात. दुसरं म्हणजे सूक्ष्मदर्शकवाला लेव्हेनहूक. तो कादंबरीत व्हर्मीरचा मित्र आहे आणि त्याला कॅमेरा ऑब्स्क्युरा (भिंगातून बाहेरचं दृश्य आत उमटवणारी पेटी) आणून देतो. दोघे डेल्फ्टचे आणि एकाच वर्षी जन्मलेले. व्हर्मीरच्या पश्चात दिवाळखोरीत निघालेल्या मालमत्तेची व्यवस्थाही लेव्हेनहूकनंच पाहिली. मैत्रीचा पुरावा मात्र नाही आणि सामानाच्या यादीत कॅमेराही नाही. ही भर शक्यतेच्या कक्षेतली, म्हणून चालते. फान राउवेनवर थोडा अन्यायच झाला आहे.

लाजवर्दापासून निळा रंग नेमका कसा काढत? नुसता दगड वाटून होत नाही का? – वाचक, नाशिक

होत नाही. अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येणाऱ्या त्या दगडात निळ्या खनिजाबरोबर पांढरा कॅल्साइट आणि सोनेरी पायराइट असतो. सगळं एकत्र वाटलं की राखाडी भुकटी हाती येते, आणि ती तेलात घातली की आणखी मळकट दिसते.

इसवी सन १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकारानं कृती लिहून ठेवली. दगड झाकलेल्या खलात कुटायचा, म्हणजे धूळ उडून वाया जात नाही. मग वाटून चाळायचा. एक पौंड पुडीला सहा औंस पाइनची राळ, तीन औंस रुमी मस्तकी आणि तीन औंस नवं मेण घ्यायचं. हे वितळवून कापडातून गाळायचं, त्यात पूड मिसळायची आणि हाताला जवसाचं तेल लावून गोळा मळायचा. तो निदान तीन दिवस, तीन रात्री ठेवायचा आणि रोज मळायचा. नंतर कोमट राखेच्या पाण्यात दोन काठ्यांनी दाबत राहायचं. निळे कण पाण्यात उतरतात, कचरा राळेला धरून राहतो. पाणी निळं झालं की ओतून बाजूला ठेवायचं आणि नवं घालायचं. पहिले दोन उतारे सर्वांत गडद आणि महाग. शेवटचे राखेच्या मोलाचे.

कादंबरी लिहिणारे इथे घसरतात. सतराव्या शतकातल्या डेल्फ्टमध्ये हा उद्योग घरी करायची गरज नव्हती, तयार पूड विकत मिळे. मोलकरणीच्या वाट्याला यायचं ते ती तेलात घोटणं. तेही बेतानं, कारण जास्त घोटली की कण बारीक होऊन निळा फिका पडतो. निळ्या-पांढऱ्यासाठी बरेच चित्रकार अक्रोडाचं तेल वापरत. जवसाचं जास्त पिवळं पडतं.

मी सतराव्या शतकातल्या चित्रकारावर लिहिते आहे. रंगांच्या कोणत्या चुका हमखास होतात? – वाचक, ठाणे

पहिली चूक ट्यूबची. धातूची ट्यूब १८४१ ची, जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराची. त्याआधी रंग लागेल तेवढा घोटायचा, पुढे पुढे डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून विकत घ्यायचा. पिशवीला भोक पाडून रंग पिळत. भोक नीट बंद होत नसे आणि उरलेला रंग सुकून जाई.

दुसरी, रंगांच्या जन्मतारखा. प्रशियन निळा १७०६ च्या आसपासचा, कोबाल्ट निळा १८०२ चा, कॅडमियम पिवळा एकोणिसाव्या शतकातला आणि टायटॅनियम पांढरा तर विसाव्यातला. तुमच्या नायकाकडे पांढरा म्हणजे शिशाचाच हवा. व्हिनेगरच्या वाफेवर शिशाचे पत्रे ठेवून, भोवती घोड्याची लीद रचून तो तयार होई, आणि त्याला आठवडे नव्हे, महिने लागत. तो विषारी आहे. सुका वाटताना उडणारी धूळ सर्वांत वाईट. पिवळा घ्या शिसं-कथलाचा. तो १७५० नंतर वापरातून गेला आणि पुढे इतका विसरला गेला की १९४१ मध्ये त्याची ओळख नव्यानं पटवावी लागली.

तिसरी आणि सर्वांत मोठी चूक वाळण्याची. शिशाचा पांढरा काही दिवसांत धरतो, अंबर हा तपकिरी मातीचा रंग त्याहून लवकर. हाडांच्या कोळशाचा काळा आणि मंजिष्ठाचा लाल रेंगाळतात. खालचा थर ओला असताना वर पातळ झिलई दिली तर खालचं उचललं जातं. हळू वाळणाऱ्यावर पटकन वाळणारा थर दिला तर पुढे भेगा पडतात. म्हणून ‘एका रात्रीत चित्र पुरं केलं’ हे वाक्य खोडा.

इटालियन चित्रकर्ती आर्टेमिसिया जेंटिलेस्कीवरच्या कादंबऱ्या खटल्यापासूनच का सुरू होतात? – वाचक, पणजी

कारण तिच्यावरच्या बलात्काराच्या १६१२ च्या त्या खटल्यातल्या जबान्या रोममध्ये जपलेल्या आहेत. तिच्या बोटांना दोरी आवळून साक्ष तपासल्याचंही त्यांत आहे. सुझन व्रीलंड यांची २००२ ची कादंबरी तिथूनच सुरू होते. आयतं नाट्य हाती असताना कोण सोडेल?

धोका पुढे आहे. सगळी चित्रं त्या अत्याचाराची फळं ठरवण्याचा मोह होतो. पण तिच्या ‘सुझाना’ या चित्रावर १६१० ची तारीख आहे आणि अत्याचार १६११ चा. छळणाऱ्या पुरुषांपासून अंग चोरणारी ती सुझाना तिनं आधीच रंगवली होती.

शिवाय कागद कादंबरीनंतरही सापडतात. फ्रान्चेस्को मारिया मारिंगी या प्रियकराला तिनं लिहिलेली पत्रं २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. नवऱ्याला हे नातं ठाऊक होतं, हेही त्यांतून कळलं. व्रीलंड यांना ती मिळणं शक्यच नव्हतं. आज लिहिणाऱ्याला मात्र ती वाचल्याशिवाय सुटका नाही. रविवर्म्यावर लिहू पाहणाऱ्यांनाही हेच लागू: धाकटा भाऊ सी. राजा राजा वर्मा याची १८९५ ते १९०४ ची रोजनिशी छापील उपलब्ध आहे. तीत दोघा भावांचे प्रवास आणि चित्रांची कामं दिवसवार येतात. एखाद्या दिवशी रविवर्म्याला मुंबईत दाखवण्याआधी ती उघडून बघावी.