शॉर्ट शिफ्टर घेण्याआधी

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. दीड वर्षापूर्वी २०२१ सालची, १.० टीएसआय इंजिनाची, सहा गिअरांची मॅन्युअल फोक्सवॅगन पोलो मी सेकंडहँड घेतली. गाडी ६०,००० किलोमीटर चालली आहे. सुटीच्या दिवशी पहाटे आंबा घाटात किंवा गगनबावड्याकडे जाणे हा माझा छंद आहे. इंजिनाबद्दल तक्रार नाही, पण गिअरचा दांडा फार लांब फिरवावा लागतो, न्यूट्रलमध्ये तो डावीउजवीकडे ढिला हलतो आणि घाई केली की दुसऱ्यावरून तिसऱ्याऐवजी कधी कधी पाचवा पडतो. दांड्याची चाल आखूड करणाऱ्या भागाच्या, म्हणजे शॉर्ट शिफ्टरच्या, एका किटवर चाल ४० टक्के कमी होते असे लिहिले आहे. एक मित्र म्हणतो, उद्यमनगरातल्या कारखान्यात दांडा कापून खालून वाढवून घे, थोडक्यात काम होईल. काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पत्रात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत. दांड्याची चाल लांब आहे ही एक आणि दांडा ढिला आहे ही दुसरी. शॉर्ट शिफ्टर पहिल्या तक्रारीवरचा उपाय आहे. तिसऱ्याच्या जागी पाचवा पडतो तो दुसऱ्या तक्रारीमुळे, आणि ढिलेपणा तसाच ठेवून चाल आखूड केली तर चुकीचा गिअर पडण्याचा संभव वाढतो. तिसऱ्याऐवजी पाचवा पडला तर गाडी फक्त मरगळते. पण उतारावर पाचव्यावरून चौथा टाकताना दुसरा पडला आणि क्लच सोडला, तर चाकेच इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात, आणि तेथे इंधन तोडणारा रेव्ह लिमिटर काहीही करू शकत नाही. म्हणून माझा आग्रह असा की, आधी ढिलेपणा काढावा आणि चालीचा विचार त्यानंतर करावा.

दांडा ही शाळेत शिकलेली तरफच आहे. समजा टेकूच्या वर दांडा २५ सेंटिमीटर आणि खाली ५ सेंटिमीटर आहे. खालचे टोक २ सेंटिमीटर हलायला वरचा नॉब १० सेंटिमीटर न्यावा लागेल. खालची बाजू ६.२५ सेंटिमीटर केली की नॉबची चाल ८ सेंटिमीटरवर येते, म्हणजे २० टक्के कमी होते. मात्र हाताचा जोर २५ टक्के वाढतो. चाल ४० टक्के कमी केली तर जोर जवळजवळ दोन तृतीयांशाने वाढतो. हा वाढीव जोर फक्त आपल्या मनगटावर येत नाही. गिअर पडताना गिअरबॉक्समधली सिंक्रो नावाची रिंग शंकूवर घासून गिअर व शाफ्ट या दोन्ही भागांचा वेग सारखा करते, आणि त्याला लागणारा क्षणभराचा वेळ आखूड दांड्याने कमी होत नाही. ती रिंग थोपवत असताना दांडा रेटण्याची सवय लागली की ती लवकर झिजते, आणि मग गिअर खरखरू लागतो. एवढ्यासाठी रस्त्यावरच्या गाडीला २० ते २५ टक्क्यांपुढे जाऊ नये असे मला वाटते. ट्रॅकवर शर्यतीसाठी ठेवलेल्या गाडीचा हिशेब वेगळा असतो.

आता तपासणी. आपल्या गाडीत दांडा थेट गिअरबॉक्सला जोडलेला नाही; दोन केबल त्याची हालचाल गिअरबॉक्सच्या माथ्यावरच्या लिव्हरपर्यंत नेतात, एक गेट, म्हणजे दांडा पुढेमागे जाण्याची पट्टी, निवडते आणि दुसरी गिअर टाकते. इंजिन बंद ठेवून बॉनेट उघडावे, एअर फिल्टरचा डबा किंवा बॅटरी आड येत असेल तर ती बाजूला करावी, आणि आत बसलेल्या माणसाला दांडा अगदी सावकाश डावीउजवीकडे हलवायला सांगावे. आपली नजर केबलच्या टोकावर ठेवावी. केबल सरकू लागल्यानंतरही लिव्हर क्षणभर जागच्या जागी राहत असेल तर टोकाचा बुश, म्हणजे सांध्यात बसवलेली छोटी नळी, झिजला आहे. दांडा बोटभर हलूनही केबल हलत नसेल तर दोष आतल्या बाजूच्या सांध्यात आहे. ही परीक्षा पंधरा मिनिटांची आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. याच वेळी इंजिन व गिअरबॉक्सचे माउंट, म्हणजे त्यांना धरून ठेवणारे आधार, पाहावेत, आणि केबलचे ॲडजस्टमेंट कंपनीच्या पद्धतीने पुन्हा करून घ्यावे. निम्म्या तक्रारी येथेच मिटतात असा माझा अनुभव आहे.

गिअर जड जात असेल तर आणखी एक गोष्ट बघावी. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. गिअरबॉक्सचे तेल बदलायचे झाल्यास गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच घ्यावे. जीएल-४ सांगितले असताना ‘जास्त भारी’ म्हणून जीएल-५ ओतण्याची चूक अनेक जण करतात. त्यातल्या वाढीव रसायनांमुळे सिंक्रोला हवे असलेले घर्षण मिळत नाही आणि पितळी भागांना अपाय होऊ शकतो.

मित्राच्या सल्ल्याबद्दल स्पष्ट सांगतो. उद्यमनगरातल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला अतिशय आदर आहे. नमुना टेबलावर ठेवला की तसाच भाग लेथवर उतरवणारी माणसे तेथे आहेत. पण कापून जोडलेला दांडा हे काम त्यांच्याकडून करून घेऊ नये. जोडाच्या शेजारी उष्णतेने धातूचा गुण बदलतो आणि नेमके तेथेच रोजचे वाकण येते. असा एक दांडा माझ्या समोर, चालू गाडीत, दुसरा गिअर टाकताना तुटला होता. गाडी वर्दळीच्या चौकात होती म्हणून निभावले, घाटात असती तर काय झाले असते याचा विचार मला आजही नकोसा वाटतो. त्याच कारागिराकडून झिजलेल्या प्लॅस्टिक बुशाच्या मापाचा गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) किंवा डेलरिनचा (कठीण प्लॅस्टिकचा) बुश जरूर करून घ्यावा. धातूच्या बुशाने थोडी थरथर व आवाज दांड्यावर येतो. रोजच्या गाडीला मी डेलरिन निवडतो.

बुश बदलून महिनाभर गाडी चालवावी. त्यानंतरही चाल लांब वाटली तरच किट घ्यावे, आणि ते आपल्या गिअरबॉक्ससाठीच बनवलेले आहे याची खात्री करावी, कारण एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळे गिअरबॉक्स असतात. केवळ पुढेमागेची चाल कमी करणारे किट मला पसंत आहे. आडवी चालही आखूड झाली की गेट फार जवळ येतात आणि आपली मूळ तक्रार परत येते. चाल कमीजास्त करण्याची सोय असेल तर सर्वांत सौम्य खुणेपासून सुरुवात करावी. बसवल्यावर गाडी जागची हलवण्याआधी सहाही गिअर आणि दाबून टाकायचा रिव्हर्स पूर्ण बसतात का ते पाहावे. अर्धवट बसलेला गिअर भार आला की सुटतो.

प्रश्न : माझ्याकडे हुंडाई आय२० आहे. किटऐवजी फक्त वजनदार स्टीलचा नॉब लावला तर चालेल का?
– एक वाचक, कळंबा

उत्तर : चालेल, आणि पहिला प्रयोग म्हणून तो चांगला आहे. वजनामुळे दांडा सिंक्रोच्या अडथळ्यातून गुळगुळीत जातो, आणि नॉब मूळच्यापेक्षा बुटका असेल तर चालही किंचित कमी होते. एप्रिलच्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीतला स्टीलचा नॉब हाताला चटका देतो, म्हणून कातड्याचे आवरण असलेला घ्यावा. आपल्या गाडीत रिव्हर्ससाठी नॉबखालची रिंग वर उचलावी लागते. बाजारातले बरेच नॉब त्या रिंगचा विचार न करता बनवलेले असतात, म्हणून दुकानाच्या दारातच नॉब बसवून रिव्हर्स टाकून बघावा आणि मगच पैसे द्यावेत.