लेबर पार्टी फोडली कुणी?

प्रश्न : मी सातपूर एमआयडीसीत वीस वर्षं युनियनचं काम केलंय. भाचा मेलबर्नला असतो, तो म्हणतो तिथं एका चर्चवाल्या माणसानं अख्खी लेबर पार्टी फोडली, आणि तेही स्वतः कधी खासदार न होता. खरंय का थाप मारतोय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : थाप नाहीये, पण 'एकट्यानं' हे जरा जास्तच झालं. ऑस्ट्रेलियातल्या या माणसाचं नाव बी. ए. सांतामारिया, जन्म १९१५ चा, इटलीहून आलेल्या भाजी-फळवाल्याचा पोरगा, शिकला वकिली. तेव्हा तिथल्या लोखंड कामगार, खाण कामगार, गोदी कामगार अशा मोठ्या युनियन्समध्ये कम्युनिस्टांचं चांगलंच वजन होतं. त्यांना हटवायला यानं १९४१ च्या सुमारास मेलबर्नचे कॅथलिक आर्चबिशप मॅनिक्स यांच्या पाठिंब्यानं गुपचूप एक संघटना उभी केली, आणि गंमत बघा, पद्धत उचलली ती कम्युनिस्टांचीच! छोटे छोटे गट करायचे, माणसं हेरायची, मीटिंगला शेवटपर्यंत बसायचं आणि मतदानाला आपली माणसं आणायची, तुम्हाला हे मी काय सांगायचं.

१९४५ पासून लेबर पार्टीनंच युनियनमध्ये कम्युनिस्टांशी लढायला अधिकृत 'इंडस्ट्रियल ग्रुप्स' काढले, त्यात याची माणसं होतीच, पण सगळी काही त्याची नव्हती. लोखंड कामगारांच्या युनियनमध्ये या ग्रुप्सच्या बाजूचा लॉरी शॉर्ट कम्युनिस्टांविरुद्ध १९५१ ला जिंकला ते कोर्टात बोगस मतपत्रिका सिद्ध झाल्यावर, आणि हा शॉर्ट तर आधी ट्रॉट्स्कीवाला, म्हणजे स्वतःच एका वेगळ्या पंथाचा कम्युनिस्ट!

मग १९५४ ची निवडणूक पार्टी हरली आणि ऑक्टोबरात नेते एव्हॅट यांनी जाहीरपणे सांतामारियाच्या गटावर खापर फोडलं, १९५५ ला फूट पडली. मेलबर्नकडे फार मोठी, सिडनीत कमी, कारण तिथल्या बिशप लोकांनी सांतामारियाची री ओढली नाही. बाहेर पडलेल्यांची पुढे डेमोक्रॅटिक लेबर पार्टी झाली.

आता खरी मेख. आपल्या नाशिक शिक्षक मतदारसंघात कसे १, २, ३ असे पसंतीक्रम टाकतात, तसंच तिथं खासदारकीला असतं. या नव्या पार्टीचे मतदार पुढची पसंती बहुतेक करून लेबरच्या विरोधकांना द्यायचे, त्यामुळे स्वतःचे निवडून आले नाहीत तरी लेबरला पाडता यायचं. १९४९ ला गेलेली सत्ता लेबरला थेट १९७२ ला मिळाली, त्यात या मतांचा हात मोठा.

युनियन वाचवायला निघालेला माणूस आणि फायदा झाला कामगारांच्या विरोधी पार्टीचा, मला तरी हे असंच दिसतं. पण भाच्याला सांगा, फोडली म्हणायचं तर एव्हॅटचंही नाव घे बाबा.