मधमाशी, मेंदू आणि गोठलेली पृथ्वी

तुम्ही विचारलंय, मधमाश्या, हिमयुग आणि माणसाचा मेंदू या सगळ्यांवर काम करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ कर्शविंक नक्की कशातले तज्ज्ञ? माझं उत्तर: मॅग्नेटाइट. लोखंडाचं हे चुंबकीय खनिज खडकांत असतं आणि काही सजीव ते स्वतःच्या शरीरातही घडवतात. मधमाश्यांच्या पोटात चुंबकत्व टिकून राहतं, हे त्यांनी 1978 मध्ये सहकाऱ्यांसोबत दाखवलं, तेव्हा ते विद्यार्थी होते.

मला मात्र सगळ्यात प्रिय आहे तो दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एलाटिना खडकांचा भाग. गाळ साचताना त्यातले चुंबकीय कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने लागतात. ही दिशा विषुववृत्तावर जवळजवळ आडवी, ध्रुवावर उभी. त्यामुळे कल मोजला की खडकाचा तेव्हाचा अक्षांश कळतो. एलाटिनात हिमनद्यांच्या काळातला गाळ आहे आणि चुंबकत्व मात्र आडवं! म्हणजे विषुववृत्ताजवळ बर्फ? कर्शविंकना आधी हे पटलं नव्हतं. खडक नंतर तापला किंवा रासायनिकरीत्या बदलला तर जुनी नोंद पुसून नवी बसते, आणि पुराचुंबकत्वात, म्हणजे खडकांतल्या जुन्या चुंबकत्वाच्या अभ्यासात, याच शंकेने कितीतरी सुंदर निष्कर्ष कोसळलेत.

मग घड्यांची कसोटी लावली. हा गाळ ओला असतानाच घसरून त्याला घड्या पडल्या होत्या. चुंबकत्व नंतरचं असतं तर घडीच्या दोन्ही अंगांना दिशा सारखी आली असती. तशी ती आली नाही. गणिताने घडी उलगडली, तेव्हा दिशा जुळल्या. म्हणजे चुंबकत्व घडीच्याही आधीचं.

1992 मध्ये अवघ्या काही पानांत कर्शविंकनी ‘स्नोबॉल अर्थ’ मांडली, म्हणजे एके काळी जवळजवळ सगळी पृथ्वीच बर्फाने गोठली होती ही कल्पना. पृथ्वी गोठली तर सुटणार कशी, हेही त्यात होतं: बर्फाखाली खडकांची झीज थांबते, ज्वालामुखींचा कार्बन डायऑक्साइड शोषला जात नाही, साठत जातो आणि शेवटी बर्फ वितळवतो. बर्फाखालच्या समुद्रात विरघळून राहिलेलं लोखंड मग ऑक्सिजन मिळताच तळाशी बसतं. त्या काळात लोहखनिजाचे थर पुन्हा का दिसतात, ते इथे उलगडतं. असा शेवटचा मोठा गोठणकाळ सुमारे 63.5 कोटी वर्षांपूर्वी संपला. मोठ्या बहुपेशीय जीवांचे ठसे त्यानंतरच्या खडकांत येतात. गोठण्यानेच त्यांना वाट करून दिली का, यावर वाद आहे, आणि तो असायलाच हवा.

मेंदूचं म्हणाल तर 1992 मध्येच त्यांनी मेंदूच्या ऊतींत मॅग्नेटाइटचे स्फटिक सापडल्याचं प्रसिद्ध केलं. 2019 च्या प्रयोगात चुंबकीय क्षेत्र फिरवल्यावर काही जणांच्या मेंदूतल्या अल्फा लहरी (एक प्रकारच्या विद्युत लहरी) क्षीण झाल्या. इथे मी तुम्हाला थांबायलाच सांगेन. दुसऱ्या प्रयोगशाळांतून हेच निकाल स्वतंत्रपणे आल्याशिवाय माणसाला चुंबकीय ज्ञानेंद्रिय आहे असं मी लिहिणार नाही. एलाटिनाच्या खडकांना जी कसोटी लागली, तितकीच कडक ती इथेही लागायला हवी.